खाली घ्या तो टीव्ही

कुणाच्या घरी गेल्यावर छताला भिडलेला टीव्ही दिसला की माझं डोकं अजूनही फिरतं. घरची बाई कौतुकानं सांगत असते, "मागून खास लाइट सोडलेत," आणि मी खोलीत सगळ्यात खाली कोण बसलंय ते शोधत असते. बहुतेक वेळा एखादी म्हातारी सापडतेच. दिवाणाच्या कडेला, मान मागे टाकून, तोंड अर्धवट उघडं. टीव्ही भिंतीवर कसा शोभतो ते सगळे बघतात. तिला त्यात काही दिसतं का, हे विचारायला कुणाला सवड नसते.

हा राग मला भाऊंकडून आला.

सीताबर्डीवरच्या ज्या दुकानात मी तक्रारींच्या काउंटरवर बसायचे, तिथे भाऊ टीव्ही बसवणारे फिटर होते. सगळे त्यांना भाऊच म्हणत, मालकसुद्धा. पन्नाशी उलटलेला काटकुळा माणूस. शर्टाच्या खिशात पोलादी टेप आणि पेन्सिलीचा तुकडा, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. चेहरा असा की नुकतंच कुणीतरी पायावर पाय दिलाय.

बाकीचे फिटर अर्ध्या तासात एक घर उरकत. भाऊंना दीड तास लागे, कारण पहिला तासभर ते ड्रिल मशीन पिशवीतून बाहेरच काढत नसत. दारात चपला काढता काढता त्यांचा प्रश्न यायचा, "या घरात टीव्ही सगळ्यात जास्त कोण पाहते?"

घरमालक म्हणायचा, "सगळेच पाहतो की."

"सगळ्याइचं नाही विचारून राहिलो. सगळ्यात जास्त कोण?"

मग आतल्या खोलीतून एखादी सासू, एखादे निवृत्त सासरे, कधी पाय मोडून पडलेली मुलगी बाहेर आणली जाई. भाऊ त्या माणसाला त्याच्या रोजच्या जागी, रोज बसतो तसंच बसायला लावत. ताठ बसून दाखवलं तर खेकसत, "फोटो नाही काढाचा. बसता तसे बसा." जमिनीपासून डोळ्यापर्यंत टेप धरत आणि समोरच्या भिंतीवर तेवढ्याच उंचीला पेन्सिलीनं एक लहानसा डोळा काढत, पापण्यांसकट. टीव्हीचा मध्य त्या डोळ्यावर आला पाहिजे. मग ते स्वतः त्या जागेवर बसून बघत. माणूस लोळून टीव्ही बघणारा असेल तर त्याच्या गादीवर लोळूनही बघत.

आणि इकडे माझा फोन वाजायला लागे. "अहो, तुमचा माणूस माझ्या सासऱ्यांना आडवं करून डोळे मोजतोय!" एकानं तर विचारलं, "टीव्हीवाला पाठवला की चष्म्याच्या दुकानातला?" मी माफी मागायची, वहीत तक्रार लिहायची आणि संध्याकाळी भाऊ परतले की त्यांना वाचून दाखवायची. ते ऐकून घेत आणि वर माझ्यावरच चिडत.

"ताई, मान वर करून देवाले पाहा, ढगाले पाहा. साबणाच्या जाहिराती पाहाले मान काहून वर करता?"

"मला काय विचारता? मी कुठं वर करते?"

"तुम्ही नाही करत, पण वहीत लिहून घेता ना. 'ग्राहकाच्या मनासारखं लावा.' ग्राहक कोण हाये? ज्यानं पैसे देल्ले तो, का जो पाहते तो?"

फिटर होण्याआधी दहा-बारा वर्षं भाऊ घरोघरी गच्चीवर अँटिना उभारत होते. एका हातानं अँटिना फिरवायची आणि खाली ओरडून विचारायचं, "दिसून राहिलं काय?" खालून कुणी "हो" म्हणेपर्यंत उन्हात उभं राहायचं. नागपूरच्या मे महिन्यात. त्या कामानं त्यांना दोन गोष्टी दिल्या, एक करपलेली मान आणि दुसरं म्हणजे दिसण्याबद्दलचा हा हट्ट. पहिलीबद्दल ते कधी बोलले नाहीत.

एकदा त्यांना एका हाडांच्या दवाखान्यात टीव्ही लावायला पाठवलं. तासाभरानं तिथल्या बाईंचा रडकुंडीला आलेला फोन. झालं होतं असं की बसायच्या खोलीत एक टीव्ही आधीच छताजवळ टांगलेला होता, आणि खाली मानेला पट्टे बांधलेले आठ-दहा रोगी रांगेत बसून वर बघत होते. भाऊ सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरले. "साहेब, तुम्ही इथं रोगी बरे करता का तयार करता?" डॉक्टर भला माणूस असावा. बाहेर आला, स्वतः एका खुर्चीत बसला, वर बघितलं आणि म्हणाला, "हा खाली घ्या, नवाही खालीच लावा." पण असे डॉक्टर थोडे. बाकीच्यांनी भाऊंना वेडा ठरवलं, आणि दुकानातले आम्हीही हसणाऱ्यांतच होतो.

ते नेहमी बरोबर असत असंही नाही. मानेवाड्याला एका घरात आई कळवळून सांगत होती की पोरगा तीन वर्षांचा आहे, हाताला लागेल ते फेकतो, टीव्ही जरा वर राहू द्या. भाऊंनी ऐकलं नाही. पंधरा दिवसांत पोरानं बॅट फेकून काच फोडली. भाऊ स्वतः त्या बाईकडे गेले, दारात उभं राहून "चूक माही होती" म्हणाले.

मी हसायची थांबले ती आमच्याच घरी.

आमचं घर गोळीबार चौकाच्या मागे, विणकरांच्या वस्तीत. बाबांनी चाळीस वर्षं खड्ड्याच्या मागावर लुगडी विणली. पाय खड्ड्यात, पाठ वाकलेली, नजर खाली धाग्यावर. माग बंद झाला, पण मान पुन्हा सरळ झाली नाही. दादानं नवीन टीव्ही घेतला तो कपाटाच्या वर, जवळजवळ तुळईला लावला. खाली धूळ बसते म्हणाला. बाबा संध्याकाळी खाली सतरंजीवर बसत, नजर फरशीकडे, एक कान टीव्हीकडे. आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो, "बाबांना टीव्हीचा शौक नाही. नुसत्या बातम्या ऐकतात."

टीव्हीचा स्क्रू ढिला झाला म्हणून एका रविवारी मी भाऊंना बोलावलं. दारातच प्रश्न आला. दादा म्हणाला, "मीच पाहतो जास्त." भाऊंनी खोलीभर नजर फिरवली आणि बाबांसमोर उकिडवे बसले.

"काका, जरा वर पाहा बरं."

बाबांनी प्रयत्न केला. डोळे वर गेले, मान गेली नाही. कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत नजर पोचली आणि थांबली.

"टीव्ही दिसते काय तुमाले?"

बाबा हसले. "आवाज येते ना."

"आवाजाचं नाही विचारलं. दिसते काय?"

"नाही दिसत."

"कधीपासून?"

"लावला तवापासून." मग माझ्याकडे बघून घाईनं म्हणाले, "राहू दे वं माय. पोरानं हौसेनं लावला."

दोन वर्षं. दोन वर्षं आम्ही त्या खोलीत जेवलो, हसलो, मॅचवरून भांडलो, आणि एकालाही कळलं नाही की आमचा बाप टीव्हीसमोर बसूनही टीव्हीला पाठमोराच आहे. भाऊ दादाला काय बोलले ते मी लिहीत नाही. एवढंच सांगते की दादानं ऐकून घेतलं. टीव्ही काढला, जमिनीपासून अडीच फुटांवर डोळा काढला, भिंतीत भोकं पाडून गिट्ट्या ठोकल्या, टीव्ही बसला. बातम्या चालू होत्या. बाबा बराच वेळ बघत राहिले.

"हे बाई एवढी लहान हाये काय?" ते म्हणाले. "आवाजावरून मले वाटलं, आपल्या आईच्या वयाची असन."

मी स्वयंपाकघरात गेले आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत उभी राहिले. मला इतकी चीड आली होती की कुणावर काढावी ते समजत नव्हतं.

एवढं होऊनही पुढं मी जे केलं ते केलंच.

आमच्या मालकांचे एक मित्र होते, कळमन्याच्या बाजारात मोठी आडत असलेले. त्यांनी बेसा भागात नवीन बंगला बांधला. त्यांच्या पत्नीचा फोन मीच घेतला होता. "उंचीचं आम्हाला कळत नाही, तुमचा माणूस ठरवेल ते बरोबर," असं त्या म्हणाल्या, आणि मी वहीत तसंच लिहिलं, उंची फिटर ठरवील. भाऊ माझ्या समोरच उभे होते.

ते तिथे पोचेपर्यंत बेत बदलला होता. इंटेरिअरवाल्यानं अख्खी भिंत लाकडी पॅनेलनं मढवली होती, आणि टीव्हीची जागा खालच्या दगडी पट्टीच्या वर, उभ्या माणसाच्या कपाळाला येईल अशी आखून ठेवली होती. भाऊंनी आपला प्रश्न विचारला. नोकराणी पटकन म्हणाली, "आजी पाहते. कबड्डी." आडत्यांच्या आई. ऐंशीच्या घरात, वेताच्या बुटक्या खुर्चीत बसणाऱ्या. भाऊंनी टेप लावला. आजींच्या डोळ्यांची उंची जेमतेम तीन फूट.

"इथं लावू का?" भाऊंनी हात ठेवून दाखवलं.

आडते म्हणाले, "आखलंय तिथं लाव. माप घ्यायला नाही बोलावलं तुला."

"मग हा टीव्ही कोणासाठी घेतला साहेब? पाहुण्यांसाठी?"

"तुला काय करायचंय?"

"मले टांगाचं हाये. अन् बुढीची मान मोडणारं काम मी करत नाही." मशीन पिशवीत घालून भाऊ निघून आले.

ते दुकानात पोचायच्या आत मालकांना फोन आला होता. त्यांनी भाऊंना काउंटरसमोरच, चार गिऱ्हाइकांच्या देखत उभं केलं. "उंची ठरवायचा अधिकार तुला कोणी दिला? कुठं लिहिलंय तसं? सांगा ना ताई, कुठं लिहिलंय?"

वही माझ्या हाताखाली होती. उघडीच होती. माझ्या तळव्याखाली ती ओळ होती.

त्या महिन्यात मला कायम करायचं चाललं होतं. हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं, आता देत नाही. मी म्हणाले, "बघावं लागेल."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग टेप खिशातून काढून काउंटरवर ठेवला. टेप दुकानाचा होता. पेन्सिल स्वतःची होती, ती घेऊन ते पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी दुसरा फिटर गेला आणि आखलं होतं तिथं टीव्ही लावून वीस मिनिटांत परत आला. मालकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "याला म्हणतात काम."

तीन आठवड्यांनी दुपारी फोन आला. आवाज म्हातारा, पण खणखणीत. "बाई, तुमच्या इथला तो चष्म्याले तार बांधलेला माणूस धाडा."

मी ओळखलं. "आजी, ते आता इथं नाहीत. काय झालं?"

"काय होते! कबड्डी चालू होते अन् मले पायच दिसत नाही पोट्ट्याइचे. नुसतं डोकं दुखते. पोरगा म्हणते, मोठ्यानं लाव, ऐकू येईल. मी काय बहिरी हाये काय?"

मी मालकांकडे गेले. ते मोबाइलमध्ये काहीतरी बघत होते. सगळं सांगितलं. ते हसले. "बुढीले सांगा भजन लाव. भजनाले पाहाची गरज नसते."

मला आमच्या बाबांची फरशीवरची नजर दिसली, आणि जिभेवर काय काय आलं. ते तसंच गिळून मी काउंटरवर परतले. त्या संध्याकाळी मात्र पत्ता शोधत मी भाऊंच्या घरी गेले, सक्करदऱ्याला. ते ओसरीत कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. नोकरीबद्दल मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "बुढीचं काय झालं?"

मी सांगितलं. ऐकताना त्यांच्या हातातला पेचकस थांबला.

"दुपारी घरी फक्त आजी असतात," मी म्हणाले. "तेव्हा जाऊन—"

"चोरून?" ते उसळले. "मी काय चोर हाये? सगळे घरी असन तवाच जाइन."

त्यांनी शेजाऱ्याचं ड्रिल मशीन आणि टेप मागून आणला आणि आम्ही त्यांच्या स्कूटरवरून बेसा भागात आडत्यांच्या बंगल्यावर गेलो. दार आडत्यांनी स्वतः उघडलं आणि भाऊंना बघून लालबुंद झाले.

"तू? कोणी बोलावलं तुला?"

"मी बोलावलं," आतून आवाज आला.

दिवाणखान्यात आजी त्यांच्या बुटक्या खुर्चीत होत्या, मानेमागे उशी दुमडून खोचलेली. समोर, म्हणजे वर, कबड्डीचा सामना चालू होता. भाऊ आडत्यांना म्हणाले, "साहेब, मी हात नाही लावत. तुम्ही फक्त दहा मिनिटं आईच्या खुर्चीत बसा. मंग म्हटलं 'जा', तर जातो."

आडत्यांना पत्नीसमोर, नोकराणीसमोर नाही म्हणवेना. बसले. पहिलं मिनिट ताठ. मग पाठ घसरली. मग हनुवटी वर गेली. चौथ्या मिनिटाला त्यांचा हात आपोआप मानेमागे गेला, आणि तो तिथे गेलेला सगळ्यांनी पाहिला. ते झटकन उठले.

"मला सवय नाही एवढ्या खाली बसायची. आणि हे पॅनेल काय स्वस्तात आलंय का? भोकं पाडून सगळी शोभा जाईल."

तोवर आजी नोकराणीचा हात धरून उभ्या राहिल्या होत्या. खुर्चीत त्या लहानशा वाटायच्या. उभ्या राहिल्यावर तशा वाटल्या नाहीत.

"नरखेडची बाग कोणाच्या नावानं होती रे?"

"आई, आता ते कशाला?"

"माह्या नावानं. माह्या बापानं देल्ली होती. चारशे झाडं संत्र्याची. ते इकली तवा सही कोणी केली? म्या केली. त्या झाडाइवर हे भिंत उभी हाये. त्या भिंतीवर मले दिसन असं एक बी लावता येत नाही काय तुले?"

आडते बाजूला सरकले. त्यांच्या पत्नी खाली बघत होत्या.

आजी भाऊंकडे वळल्या. "काढ गा तो. खाली घे."

भाऊंनी टीव्ही उतरवला. आजींना पुन्हा बसवलं, शेजाऱ्याच्याच टेपनं माप घेतलं, आणि त्या महागड्या लाकडावर पेन्सिलीनं डोळा काढला. मशीन सुरू झालं तेव्हा आडते आत निघून गेले. तासाभरात टीव्ही खाली आला. वर पॅनेलवर चार भोकं आणि वायरीचा एक गोल खड्डा उघडा राहिला, अगदी दारातून आत येणाऱ्याच्या समोर.

आडत्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "तिथं एखादं चित्र लावून टाकू."

"काही नाही लावाचं," आजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "राहू दे तशीच. येईन त्यानं इचारलं पाहिजे, हे भोकं कायची म्हणून."

पडद्यावर एकानं दुसऱ्याचा घोटा धरला आणि आजींनी मांडीवर थाप मारली.

आम्ही बाहेर आलो. मला फार बरं वाटत होतं. इतक्या दिवसांचं मनावरचं ओझं उतरल्यासारखं. भाऊ स्कूटरला मशीनची पिशवी बांधत होते. मी म्हणाले, "झालं ना भाऊ शेवटी चांगलं."

त्यांनी गाठ मारली. मग वळले.

"ताई, त्या दिवशी वही तुमच्या हाताखाली होती ना?"

मी मान डोलावली.

"लिहिताना म्या पाहिलं होतं. तुमच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो मी. वाटलं, आता बोलन, मंग बोलन. बोलल्या काहून नाही तुम्ही?"

"भाऊ, तुमची नोकरी माझ्यामुळे—"

"नोकरीचं कोण विचारून राहिलं?" ते इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. "मिक्सर दुरुस्त करून बी पोट भरते माहं. त्या बुढीनं एकवीस दिवस मान वर केली. एकवीस दिवस! तुमच्या घरी तुमचा बाप तसा बसलेला पाहिला होता तुम्ही. तरी हात नाही उचलला वहीवरचा."

त्यांनी मला चौकापर्यंत सोडलं, कारण रिक्षा तिथेच मिळते.

सकाळी दुकानात गेल्यावर मी पहिल्यांदा ती वही काढली, ते पान उघडलं आणि मालकांच्या टेबलावर त्यांच्या मोबाइलच्या वर ठेवलं. "हे त्या दिवशी लिहिलेलं होतं," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. भाऊंना अधिकार होता."

मालकांनी ती ओळ वाचली. चिडले नाहीत. त्यांना खरंच नवल वाटलेलं दिसत होतं. "अहो, झालं गेलं. तो माणूस गेला, मामला संपला. आता काहून दाखवून राहिल्या हे?"

आदल्या संध्याकाळी एकानं विचारलं होतं, तेव्हा काहून बोलल्या नाही. आता दुसरा विचारत होता, आता काहून बोलता. मी वही उचलली आणि काउंटरवर जाऊन फोन घेतला, कारण तो कधीचा वाजत होता.